काडतुसे महागली ती नेमकी कुठे, आणि त्यावर काय करता येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत हौसेने नेमबाजी करता, महिन्यातून दोन-तीनदा रेंजवर जाता, आणि तुमचे मेहुणे तिथेच बंदुकांचे छोटे परवानाधारक दुकान चालवतात. २०२० च्या आधी पिस्तुलाच्या ९ मिमी काडतुसांची ५० ची डबी १० डॉलरच्या आत मिळायची, ते दिवस परत येतील का? आता भरपूर घेऊन ठेवावे का? घरी रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरणे, सुरू केले तर परवडेल का? आणि मेहुण्यांनी या भावात टिकायचे कसे? मी दुकानाच्या काउंटरमागे आणि रेंजवर शिकवण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे चारही प्रश्नांवर माझे ठाम मत आहे. ते कारणांसह सांगतो.

आधी एक फरक मनात पक्का करा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काडतुसांच्या भावात दोन वेगळ्या हालचाली असतात. एक म्हणजे उसळी: लोक घाबरून दुकानांवर तुटून पडतात, फळ्या रिकाम्या होतात, भाव तिप्पट होतो आणि वर्ष-दीड वर्षात खाली येतो. दुसरी म्हणजे तळ सरकणे: कच्चा माल, मजुरी, कर यांमुळे सर्वात कमी भावच वर जातो आणि मग तिथेच राहतो. उसळीत थांबायचे असते. तळ सरकला की सवयी बदलायच्या असतात. लोक नेमके उलट करतात. उसळीत पेट्या विकत घेतात आणि तळ सरकल्यावर 'अजून थोडे थांबू' म्हणून बसून राहतात.

हे समजायला एक काडतूस उघडून बघू. ठोकून गोळी काढायचा एक साधा हातोडा मिळतो. त्याच्या पोकळ डोक्यात ९ मिमीचे काडतूस अडकवायचे, लाकडी ठोकळ्यावर दोन-तीनदा आपटायचे, की गोळी आणि दारू, म्हणजे जळून गोळीला ढकलणारी भुकटी, आतल्या कपात पडते. वजनकाट्यावर मांडा. पितळी पुंगळी सुमारे ४ ग्रॅम. ११५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे बारीक माप) गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, तिच्यात बहुतेक शिसे आणि वरून तांब्याचे पातळ आवरण. दारू जेमतेम ०.३ ग्रॅम. आणि पुंगळीच्या बुडात बसवलेला प्राइमर, म्हणजे छोटीशी धातूची टोपी आणि तिच्यात ठोक्याने पेटून दारू पेटवणारे किंचित स्फोटक मिश्रण.

आता धातूचा हिशोब करा. पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. आवरण धरून एका काडतुसात साधारण चार ग्रॅम तांबे जाते. तांबे टनाला ६,००० डॉलर असेल तर हे चार ग्रॅम अडीच सेंटांचे होतात, आणि १०,००० डॉलर झाले तर चार सेंटांचे. मे २०२४ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर तांबे ११,००० डॉलरच्या वर गेले होते. शिशाचा वाटा सेंट-सव्वा सेंट. म्हणजे धातू कितीही भडकला तरी ९ मिमीच्या एका काडतुसावर दोन-तीन सेंटांचा फरक पडतो. हा फरक खरा आहे, तो टिकतो, आणि तळ सरकतो तो अशाच गोष्टींनी. पण २०२१ च्या सुरुवातीला हेच काडतूस ६०-७० सेंटांना विकले जात होते. ते धातूमुळे नव्हते.

ते गर्दीमुळे होते. २०२० मध्ये एफबीआयच्या यंत्रणेतून बंदूक घेऊ पाहणाऱ्यांच्या वगैरे सुमारे ३.९७ कोटी पार्श्वभूमी तपासण्या झाल्या. आदल्या वर्षी त्या २.८४ कोटी होत्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण कल स्पष्ट आहे. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन या बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाने त्या वर्षी ८४ लाख लोकांनी पहिल्यांदाच बंदूक घेतली. त्यांतल्या प्रत्येकाने पन्नासच्या दोनच डब्या घेतल्या असे धरले, तरी ८४ कोटी काडतुसे लागतात, आणि तीही नव्या ग्राहकांनाच. जुना नेमबाज वेगळाच. त्यातच जुलै २०२० मध्ये रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आर्कान्सामधल्या लोनोकचा तिचा मोठा काडतूस कारखाना मालक बदलेपर्यंत पुरत्या जोमाने चालत नव्हता. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणे अमेरिकी सरकारने थांबवले. पोलादी पुंगळीचा तो स्वस्त माल हीच हौशी नेमबाजाची खालची पायरी होती, तीही गेली. २०१३ मध्ये .२२ या छोट्या, स्वस्त काडतुसाचा जो दुष्काळ पडला होता, तोही असाच. त्या वेळी कारखाने तिन्ही पाळ्या चालत होते आणि माल फळीवर यायच्या आत उचलला जात होता.

मग उसळी ओसरली. २०२३-२४ पर्यंत ९ मिमी पुन्हा २२ ते २५ सेंटांवर आले. २०२० आधी ते १७ ते २० सेंट होते. या चार वर्षांत अमेरिकेत सगळ्याच गोष्टी साधारण पाचव्या हिश्शाने महागल्या, हे लक्षात घेतले तर ९ मिमीच्या साध्या काडतुसाचा तळ खऱ्या अर्थाने फारसा हललेला नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर: १० डॉलरच्या आतल्या डबीची वाट पाहू नका, पण ९ मिमीबद्दल हवालदिलही होऊ नका. सर्वाधिक खपणारे हे काडतूस आहे, बनवणारे अनेक आहेत आणि चढाओढ तीव्र आहे. खरे दुखणे दुसरीकडे आहे.

ते दुखणे म्हणजे प्राइमर आणि दारू.

प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड अशा पदार्थांचे मिश्रण असते. ते कोरडे असताना घर्षणाने किंवा ठिणगीने उडते, म्हणून ओल्या स्थितीत हाताळतात आणि टोप्यांत भरल्यावर वाळवतात. असा कारखाना उभारायला जागा, परवाने, सुरक्षेची अंतरे आणि मुरलेले कामगार लागतात. पैसा ओतला म्हणून सहा महिन्यांत उत्पादन दुप्पट होत नाही. अमेरिकी दुकानात वर्षानुवर्षे प्राइमरची चार नावे मुख्य राहिली: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन, विंचेस्टर. त्यांतली पहिली तीन आज एकाच मालकाची आहेत. त्यांची आधीची मालक कंपनी व्हिस्टा आउटडोअरने आपला काडतुसांचा सगळा विभाग नोव्हेंबर २०२४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या चेकोस्लोवाक ग्रुपला विकला. त्याच ग्रुपने २०२२ मध्ये इटलीच्या फिओक्कीचा मोठा हिस्सा घेतला होता. मालक परदेशी झाला म्हणून भाव वाढतो असे मी म्हणत नाही. पण तुटवडा पडला की कारखाना प्राइमर आधी स्वतःच्या काडतुसांना लावणार, त्यातून उरले तर सुटे विकणार. हे गणित कुठल्याही मालकाला चुकत नाही. त्यामुळे १,००० सुट्या प्राइमरचा जो खोका पूर्वी ३०-३५ डॉलरला यायचा, तो ६०-८० डॉलरच्या घरात गेला आणि तिथेच रेंगाळला. तळ सरकला म्हणतात तो हा.

दारूचे तसेच. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते, आणि नायट्रोसेल्युलोज बनते कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. त्या तंतूंच्या निर्यातीत चीनचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी इतकी वाढवली की युरोपातले दारूचे कारखाने लष्कराच्या मागणीने भरून गेले. तोफेच्या एका भारात कित्येक किलो दारू लागते, आणि तुमच्या ९ मिमीच्या तीन हजारांवर काडतुसांना मिळून एक किलो. तोफेची दारू वेगळी बनते, पण मुळातला नायट्रोसेल्युलोज तोच. लष्कर आणि हौशी नेमबाज एकाच विहिरीवर पाणी भरतात, आणि लष्कराची बादली मोठी आहे. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी जागतिक टंचाईचे कारण देऊन दारूचे आणि काडतुसांचे भाव वाढवल्याची पत्रे विक्रेत्यांना पाठवली होती. तुमच्या मेहुण्यांकडेही ती आली असतील.

तिसरा घटक अँटिमनी. याच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते. शिसे मऊ असते, त्याला कडकपणा आणायला त्यात अँटिमनी मिसळतात. शॉटगनच्या चांगल्या छऱ्यांत ते दोन ते सहा टक्के असते. शिवाय वर म्हटल्याप्रमाणे प्राइमरमध्येही त्याचे संयुग लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला निर्यात बंदच केली. पुढे ती बंदी स्थगित झाली, पण २०२४ या एका वर्षात भाव तिप्पट झाला होता. क्ले टार्गेटवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, नेम धरणाऱ्यांना याचा थेट चटका बसतो, कारण त्यांच्या काडतुसात २४ ते ३२ ग्रॅम छरे असतात आणि एका फेरीत २५ काडतुसे संपतात. २५ ची जी डबी ७ डॉलरच्या आसपास यायची ती १० च्या पुढे गेली, आणि चार फेऱ्या खेळायची सवय असलेल्याचा शनिवार १२ ते १५ डॉलरने महाग झाला. एप्रिल २०२५ पासून आयातीवर जे नवे कर आले, त्यांनी इटली, सर्बिया, ब्राझील इथून येणारा मध्यम भावाचा मालही वर ढकलला.

आता तुमच्या खिशाकडे येऊ. किती रुपयांची, म्हणजे डॉलरची, काडतुसे उडवली याचा हिशोब बहुतेक नेमबाज ठेवतात. किती काडतुसे कामी आली याचा ठेवत नाहीत. रेंजवर मी दर आठवड्याला बघतो: माणूस २०० काडतुसे आणतो. पहिली ५० चांगली जातात, पुढच्या ५० मध्ये मनगट आणि लक्ष दोन्ही थकते, आणि शेवटची १०० तो निव्वळ संपवायची म्हणून संपवतो. त्या शंभरात तो चाप झटक्याने ओढायची सवय पक्की करून घरी जातो. पैसे देऊन वाईट सवय विकत घेणे यालाच म्हणतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सरळ सांगतो: ६० काडतुसे आणा, प्रत्येक दहांचा हेतू आधी कागदावर लिहा, आणि ६० संपली की पिशवी बंद करा.

बाकीचा सराव घरी रिकाम्या बंदुकीवर होतो. बंदूक तपासायची, मॅगझिन काढायचे, चेंबर डोळ्याने आणि बोटाने बघायचा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, सुरक्षित भिंतीकडे तोंड करायचे आणि मग पंधरा मिनिटे चाप. पुढचा साइट (नळीवरचा नेम धरायचा खुंट) चाप सुटताना हलतो का, एवढेच बघायचे. ऑलिंपिकमधले नेमबाज त्यांच्या सरावाचा मोठा भाग असाच, गोळी न झाडता करतात, आणि त्यांना काडतुसांची वानवा नसते. ज्यांना टार्गेटवर भोक बघितल्याशिवाय समाधान होत नाही त्यांनी १० मीटरची एअर पिस्तूल किंवा एअर रायफल घ्यावी. .१७७ च्या छऱ्याचा खर्च काडतुसाच्या तुलनेत नगण्य आहे आणि एअर रायफल चुकीला अजिबात माफ करत नाही, कारण छरा नळीतून सावकाश बाहेर पडतो आणि तोवर हात स्थिर ठेवावाच लागतो.

आणि .२२ लाँग रायफल. १८८७ पासून हे काडतूस आहे, आणि हौशी माणसाचा खरा मित्र आजही तेच आहे. त्याची गोळी ४० ग्रेनची, बहुधा नुसत्या शिशाची, दारू अगदी कमी. वेगळा प्राइमर नाहीच, मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते. म्हणून ते पुन्हा भरता येत नाही, पण म्हणूनच स्वस्तही राहते. तुमच्या ९ मिमीच्या पिस्तुलाला .२२ चा रूपांतर संच मिळत असेल तर तो दोन-तीन हजार काडतुसांत आपली किंमत वसूल करतो. एक सूचना: .२२ मध्ये प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते. चार-पाच प्रकारांच्या एकेक डब्या घेऊन ५० मीटरवर गट, म्हणजे भोके किती जवळजवळ पडतात ते, पाहा, जो प्रकार जुळेल त्याच्या एकाच लॉटच्या (एकाच वेळी बनलेल्या) डब्या घ्या. महाग डबी तुमच्या नळीत हमखास चांगली चालेल असे नाही.

रीलोडिंगबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि इथे बरेच जण जुन्या हिशोबावर विसंबून हजारभर डॉलरची यंत्रे घेतात. एका पौंडात ७,००० ग्रेन. ९ मिमीला साडेचार ग्रेनच्या आसपास दारू धरली तर पौंडात दीड हजारांवर काडतुसे होतात. पौंड ४५ डॉलरचा असला तरी दारूचा खर्च काडतुसामागे तीन सेंट. प्राइमर सात सेंट, गोळी दहा सेंट, पुंगळी स्वतःची वेचलेली. झाले २० सेंट. तयार काडतूस २३ सेंटांना मिळत असताना तीन सेंटांसाठी तुम्ही संध्याकाळ घालवणार असाल, तर ते पैशासाठी करू नका. छंद म्हणून करा, त्यात मला स्वतःला फार आनंद मिळतो, पण बचत म्हणून नव्हे.

.३०८ या रायफलच्या काडतुसाचा हिशोब वेगळा निघतो. त्याला ४३ ग्रेन दारू धरा, पौंडात १६० च्या थोडी वर काडतुसे होतात, म्हणजे दारूच २८ सेंटांची. पण उत्तम प्रतीची गोळी आणि प्राइमर धरूनही ८५-९० सेंटांत काडतूस तयार होते, आणि त्याच तोलाचे तयार मॅच (स्पर्धेच्या दर्जाचे) काडतूस दीड-दोन डॉलरला पडते. शिवाय ते तुमच्या रायफलला जुळवून बनवलेले असते. .३८, .४५, .४४ मॅग्नम, जुन्या बोअरच्या (नळीच्या मापाच्या) रायफली यांतही रीलोडिंग आजही परवडते. म्हणजे नियम असा: जे काडतूस खूप खपते त्यात बचत नाही, जे कमी खपते त्यात आहे. दारूची भाववाढ रायफलवाल्याला जास्त लागते आणि प्राइमरची पिस्तुलवाल्याला, हेही या आकड्यांतूनच दिसते.

शॉटगनवाल्यांना मी आधी छऱ्यांचे वजन कमी करायला सांगतो. २५ पौंडांच्या पोत्यात ४०० औंस छरे असतात. १⅛ औंसाचा भार भरला तर त्यातून ३५५ काडतुसे होतात. ⅞ औंसाचा भरला तर ४५७. शंभर काडतुसे फुकट मिळाल्यासारखी आहेत, आणि १६ यार्डांच्या ट्रॅप किंवा स्कीट या चकत्यांच्या खेळांत ⅞ औंस पुरेसे आहे. ऑलिंपिकच्या ट्रॅपमध्ये २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे, ती ⅞ औंसापेक्षाही थोडी कमी, आणि तिथे चकती सुटते ती कितीतरी वेगाने. खांद्यालाही आराम मिळतो. मात्र याच तर्काने तयार काडतुसांसाठी २८ बोअरकडे वळू नका. छरे कमी असूनही ती डबी १२ बोअरपेक्षा महाग असते, कारण तिचा खप कमी.

आणि रीलोडिंगमध्ये एक गोष्ट वाटाघाटीची नाही. टंचाईत ठरलेली दारू मिळाली नाही म्हणून 'तिच्यासारखीच' दिसणारी दुसरी घालायची नाही. उत्पादकाच्या ताज्या तक्त्यात तुमच्या गोळीला आणि त्या दारूला जी सुरुवातीची मात्रा दिली असेल, तिथूनच सुरू करायचे. सुट्या पिशवीतली, नाव नसलेली दारू कितीही स्वस्त असली तरी ती बागेत पसरून द्यायची. रेंजवर कोणी स्वस्तात विकत असलेली घरगुती काडतुसेही घेऊ नका. विकण्यासाठी काडतुसे बनवायला केंद्राचा उत्पादकाचा परवाना लागतो, आणि तो नसलेल्या माणसाने कोणत्या घाईत, कोणत्या काट्यावर दारू मोजली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता तुमचे मेहुणे. त्यांची अडचण तुमच्यापेक्षा बिकट आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

पहिली गोष्ट, १९८६ च्या कायद्याने नुसती काडतुसे विकायला केंद्राच्या परवान्याची अट काढून टाकली. त्यामुळे बंदूक विकायला परवाना लागतो, पण काडतुसांत त्यांची स्पर्धा थेट मोठ्या खेळसाहित्याच्या दुकानांशी आणि बहुतेक राज्यांत घरपोच पेटी पाठवणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांशी आहे. दुसरी, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा ११ टक्के कर उत्पादकाच्या किंवा आयातदाराच्या पातळीवर लागतो आणि वन्यजीव संवर्धनाला जातो. तो पैसा चांगल्या कामी लागतो, पण छोटा दुकानदार त्याच्या वाट्याचे भांडवल माल विकला जायच्या आधीच गुंतवून बसतो. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून विक्रेत्यावर आणखी ११ टक्के आला आहे. तिसरी, टंचाईत वितरक माल वाटून देतात, आणि वाटप गेल्या वर्षीच्या खरेदीच्या प्रमाणात होते. जो मोठा, त्याला आधी.

काउंटरवर घडते ते असे. ग्राहक फोन पुढे करतो: ५०० काडतुसे ११५ डॉलर. मेहुण्यांकडे डबी साडेचौदा डॉलरला, म्हणजे ५०० चे १४५. ग्राहकाला वाटते हे लुटतात. पण फोनवरच्या भावात पाठवणीचे २० ते २५ डॉलर पकडले की फरक उरतो पाच ते दहा डॉलरचा, आणि त्यात माल आज, आत्ता हातात मिळतो. हे वाद घालून सांगायचे नाही. काउंटरवर कागद ठेवून, ग्राहकाच्याच आकड्यांनी, शांतपणे बेरीज करून दाखवायची. बहुतेकांना ती पटते. ज्यांना पटत नाही ते तसेही काडतुसांचे ग्राहक नसतात.

मेहुण्यांना माझा सर्वात आग्रहाचा सल्ला किमतीबद्दल आहे. फळीवरचा भाव जुन्या खरेदीवरून ठरवू नका, उद्या तोच माल भरायला किती लागतील त्यावरून ठरवा. समजा पेटी २३० ला घेतली आणि २५५ ला विकली. कागदावर २५ चा नफा. त्यातून कार्डाचे तीन टक्के, म्हणजे साडेसात डॉलर गेले. आणि नवी पेटी आता २५० ला येते. हाती राहिलेल्या २४७ डॉलरमध्ये ती पेटीसुद्धा येत नाही. चढत्या बाजारात असे चार-सहा महिने केले की फळ्या हळूहळू रिकाम्या होतात आणि दुकानदाराला वाटते की आपला धंदा तर चांगला चालला होता. हा नियम उतरत्या बाजारातही तितक्याच प्रामाणिकपणे पाळायचा. वितरकाचा भाव उतरला की महाग घेतलेला माल तोट्यात का होईना, लगेच नव्या भावाला विकायचा. २०२१ मध्ये उसळीच्या शिखरावर भरलेल्या पेट्या धरून बसलेली दुकाने मी पाहिली आहेत. त्यांचे भांडवल वर्षभर त्या पेट्यांत गोठले, आणि दरम्यान शिकारीच्या मोसमाचा माल भरायला त्यांच्याकडे पैसे उरले नाहीत.

उसळीत नफेखोरी करावी का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्यात धंद्याचेच हित आहे. नव्या खरेदीवर नेहमीची टक्केवारी लावा, नेहमीच्या ग्राहकांसाठी माणशी दोन डब्यांची मर्यादा ठेवा, आणि सगळी फळी एकाच माणसाला विकू नका. जो माणूस सगळी फळी उचलतो तो ती पुढे विकणार असतो. जी आजी नातवाला .२२ शिकवायला डबी न्यायला येते, ती पुढची वीस वर्षे येणार असते.

साध्या ९ मिमीमध्ये छोट्या दुकानाला कधीच मोठा नफा मिळणार नाही, तो माल लोकांनी दारात यावे म्हणून ठेवायचा. कमाई करायची ती ऑनलाइन पटकन न मिळणाऱ्या मालात: शिकारीच्या मोसमाआधी त्या भागात चालणारी काडतुसे, जुन्या बोअरची, .२२ मॅचचे एकाच लॉटचे डबे, रीलोडिंगचे सुटे सामान. दारू आणि प्राइमरमध्ये तर छोट्या दुकानाला नैसर्गिक फायदा आहे, कारण ते मागवताना धोकादायक मालाचे वेगळे शुल्क लागते आणि एक-दोन डब्यांसाठी ते कोणालाच परवडत नाही. जवळच्या क्लबशी बोलून सभासदांची मागणी महिन्यातून एकदा एकत्र करा, आगाऊ पैसे घ्या, एकच मोठी मागणी नोंदवा. भांडवल अडकत नाही, शुल्क वाटले जाते, आणि वितरकाच्या वहीत तुमची खरेदी वाढते. पुढच्या टंचाईतल्या वाटपात त्याचा उपयोग होतो. उधारी मात्र काडतुसांवर एकही नको.

राहिला प्रश्न, आता घेऊन ठेवावे का. वर्षभराच्या तुमच्या खऱ्या वापराइतके घ्या आणि बाजार शांत असताना घ्या. मोसम संपल्यावर, सवलती चालू असताना, हजाराच्या पेटीने. वापराल तितके पुन्हा भरा. कोरड्या, थंड, तापमान फार न बदलणाऱ्या जागी ठेवलेले काडतूस दशके टिकते, त्यामुळे नासण्याची भीती नाही. सुटे सामान घरी ठेवणार असाल तर मर्यादा लक्षात घ्या: एनएफपीए ४९५ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकानुसार राहत्या घरात १०,००० प्राइमर आणि मूळ डब्यांत २० पौंड बिनधुराची दारू ठेवता येते, त्याहून जास्त दारूला वेगळी पेटी लागते. तुमच्या गावचे नियम याहून कडक असू शकतात, ते अग्निशमन कार्यालयात विचारा. प्राइमर मूळ खोक्यातून काढून बरणीत एकत्र ओतू नका, कधीच. आणि दारूच्या डब्याचे झाकण उघडल्यावर आंबूस वास आला किंवा तांबूस धूर दिसला, तर तो डबा त्याच दिवशी घराबाहेर काढा.